वन्संचे उलटे रंग

माझ्या थोरल्या वन्सं माणसं उलटी ओळखतात. म्हणजे केस पांढरेशुभ्र, दात काळेकुट्ट आणि गाल निळसर असा कुणाचा फोटो समोर धरला, तर त्या चटकन म्हणतील, "अगं, हे तर बाबा!" तोच फोटो सुलटा करून हातात द्या, चष्मा वरखाली करत बसतील.

सत्तावीस वर्षं त्या रंगीत फोटोंच्या लॅबमध्ये होत्या. कॅमेऱ्यातला रोल धुतला की त्याची निगेटिव्हची पट्टी व्हायची, आणि त्या पट्टीवरून कागदावर फोटो उतरवायचं काम वन्संचं. तेही मिट्ट काळोखात, कारण रंगीत कागदाला उजेडाचं वावडं. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा मला वाटलं होतं, फोटोच्या कामाला जाणारी बाई म्हणजे दिवसभर आरशासमोर असणार. प्रत्यक्षात त्या परत यायच्या त्या हातांना औषधांचा आंबूस वास घेऊन आणि रस्त्यावरच्या उन्हाने डोळे किलकिले करत. "बाहेर फार रंग आहेत गं," म्हणायच्या आणि तोंडावर पाणी मारायच्या.

लग्न त्यांनी केलं नाही. ह्यांच्या शिक्षणाचं बघता बघता राहून गेलं, असं सासूबाई सांगायच्या. वन्संना विचारलं तर म्हणतात, "मला कुणी सुलटा आवडलाच नाही."

पुढे रोलच गेले. कॅमेऱ्यात फिल्म घालायची गरज उरली नाही आणि एका महिनाअखेरीला लॅबला कुलूप लागलं. मग आठ महिने वन्सं घरी. मी धुतलेली भांडी त्या पुन्हा धुवायच्या. पडदे दर आठवड्याला उतरवायच्या. मी पूजा करत असले की मागे येऊन उभ्या राहायच्या आणि विचारायच्या, "वहिनी, काही काम आहे का?" हा प्रश्न मी दिवसातून दहादा ऐकायची. एके दिवशी अकराव्यांदा ऐकला आणि मला हातातलं फूल ठेवता येईना. त्या दिवशी देवाला साकडं घातलं, की बाबा रे, मला काही नको, या बाईच्या हाताला काम दे.

देवाने ऐकलं, पण ऐकताना थोडा घोळ घातला असं मला तेव्हा वाटलं होतं.

कोपऱ्यावरचा स्टुडिओवाला पूर्वी आपले रोल वन्संच्या लॅबला द्यायचा. त्याच्याकडे कॉम्प्युटरवर बसणारा माणूस काम सोडून गेला, आणि नेमकं त्याच वेळी एका शाळेचं काम आलं. ओळखपत्रांचे फोटो, तीनशे बेचाळीस मुलं. शाळेच्या हॉलमध्ये ट्यूबलाइटखाली काढलेले, त्यामुळे सगळ्यांच्या तोंडावर हिरवट झाक. तो घरी येऊन वन्संना म्हणाला, "ताई, रंग तुमच्याइतका कुणाला कळतो? शनिवारी शाळेला द्यायचेत. जमलं तर ती खुर्ची तुमची."

"आणि नाही जमलं तर?"

"तर काउंटरला बसा. फोटो पाकिटात घालायचे, गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचे."

तो गेल्यावर वन्सं मला म्हणाल्या, "पाकिटं भरायला मी जाणार नाही हं. जमलं तर जमलं, नाहीतर आहेत तुझी भांडी."

सोमवारी सकाळी त्या इस्त्रीचे कपडे घालून गेल्या. संध्याकाळी आल्या त्या चप्पल काढायला पायरीवरच बसल्या.

"काय झालं?"

"हिरवी होती. आणखी हिरवी झाली."

"कोण?"

"मुलं."

मी रोज रात्रीच्या स्वयंपाकाआधी वहीचं एक पान लिहिते. सोमवारच्या पानावर एवढंच आहे: 'वन्संच्या हातून मुलं हिरवी झाली. का, ते कळलं नाही.'

मंगळवारी त्या आल्यावर मी कणीक मळता मळता नीट विचारून घेतलं. त्यांनी नीट सांगितलंही. पण माझं डोकं म्हणजे पालथा घडा.

त्या म्हणाल्या, "हे बघ, प्रत्येक रंगाला एक जोडीदार असतो. हिरव्याचा जोडीदार राणी रंग. लालचा जोडीदार तो आकाशी आणि मोरपंखीच्या मधला असतो ना, तो. पिवळ्याचा निळा."

"हे जोडीदार म्हणजे शोभतात एकमेकांना?"

"शेजारी उभे केले तर शोभतात. उजेडात एकमेकांत मिसळले तर दोघंही संपतात. मागे पांढरं नाहीतर राखाडी."

"म्हणजे आमच्यासारखंच," हे बाहेरच्या खोलीतून म्हणाले. वर्तमानपत्राआड बसलेल्या माणसाला सगळं ऐकू येतं, फक्त बोलावलेलं ऐकू येत नाही.

"तू गप रे," वन्सं म्हणाल्या. "तर चेहरा हिरवा दिसला की राणी घालायचा. राणी हिरव्याला खातो."

"मग घाला ना! अडलंय कुठे?"

"अगं, तिथेच तर अडलंय. कॉम्प्युटरवर एक पट्टी आहे. एका टोकाला हिरवा, दुसऱ्या टोकाला राणी, मधे एक खुंटी. खुंटी राणीकडे सरकवायची. शेंबड्या पोरालाही जमेल. पण लॅबमध्ये आमचं उलट असायचं. दिव्यापुढे रंगीत काचा असायच्या. फोटो हिरवा आला तर राणीची काच कमी करायची. आणि फोटो राणी आला तर राणीचीच काच वाढवायची."

माझे हात कणकेतच राहिले. "म्हणजे भाजीत मीठ जास्त झालं तर आणखी मीठ घालायचं?"

"हो."

"आणि अळणी झाली तर मीठ काढायचं?"

"तसंच! कारण निगेटिव्ह उलटी आणि कागदही उलटंच बघणारा. उलट्याचं उलट. सत्तावीस वर्षं माझा हात तसा चाललाय. मला कळतं गं, राणीकडे जायचंय. पहिला फोटो बरोबर करते, दुसरा करते. तिसऱ्याला विचार सुटतो आणि हात आपल्या जुन्या वाटेने निघतो. आणि किती सरकवायचं तेही उमगत नाही. सुलट्या चेहऱ्यात झाक किती आहे हे मला मोजताच येत नाही. आज दिवसभरात बारा झाले. त्यातले चार हिरवे."

तीनशे बेचाळीसमधून बारा. तेवढा हिशोब मलाही आला. मी देवापुढे बसले, पण नक्की काय मागावं ते समजेना. वन्संच्या हाताला वळण दे म्हणावं, तर तो वळलेलाच होता. सरळ कर म्हणावं, तर त्यांच्या सरळचा अर्थ कोणता?

बुधवारी स्टुडिओवाल्याने टोमणा मारला. त्या म्हणाल्या होत्या, कॉम्प्युटरचा पडदा जरा अंधारात हलवू या का, उजेड चमकतो. तर तो म्हणाला, "ताई, नाचता येईना अंगण वाकडं." हे वन्संनी मला सांगितलं नाही. ह्यांना कुणीतरी रस्त्यात सांगितलं. वन्सं दुपारी लवकर घरी आल्या आणि ते सगळे फोटो एका पेनड्राइव्हमध्ये घालून आणलेले, ते त्यांनी आमच्या शेंडेफळापुढे ठेवले. "तुझ्या कॉम्प्युटरवर मला सराव करू दे. इथे कुणी बघत नाही."

आमचं शेंडेफळ म्हणजे धाकटी मुलगी, कॉलेजात जाते, आणि आपल्या आईला काही येत नाही यावर तिचा गाढ विश्वास आहे. तिने आधी माझीच शिकवणी घेतली. पडद्यावर एक लालभडक चौकोन काढला. "आई, याच्याकडे पापणी न हलवता बघ. वीस आकडे मोज. आता भिंतीकडे बघ."

भिंतीवर आकाशी-मोरपंखी चौकोन तरंगत होता. मी देवाचं नाव घेतलं.

"देव नाही गं! लाल बघून बघून डोळा दमला. मग पांढऱ्या भिंतीतला लाल त्याला कमी दिसतो आणि उरतो तो जोडीदार."

मला घामच फुटला. कारण मी रोज सकाळी ज्योतीकडे बघत जप करते, आणि डोळे मिटले की मिटल्या पापणीवर एक निळाजांभळा ठिपका उभा राहतो. इतकी वर्षं मी त्याला दर्शन समजत आलेय. कुणाला सांगितलं नव्हतं, दर्शन सांगून टाकायचं नसतं म्हणून. आता विचारावं लागलं.

"पिवळ्या ज्योतीचा निळा जोडीदार," मुलगी म्हणाली. "दर्शन वगैरे काही नाही."

"म्हणजे तो डोळ्याचा? देवाचा नाही?"

"डोळा कुणी दिलाय तुला? कर की तडजोड."

ती हसली. मला अजून त्याचा उलगडा झालेला नाही. जप चालू आहे, ठिपकाही चालू आहे.

एवढ्यात वन्संनी पहिला फोटो उघडला आणि पुन्हा खुंटी चुकीकडे नेली. दोन वेण्यांची एक मुलगी गवतासारखी झाली. वन्संनी हात मांडीवर ठेवले. आमची मुलगी घाबरली आणि आत्याला हसवायचं म्हणून म्हणाली, "आत्या, गंमत बघ. भूत करते हिचं." तिने दोन बटणं एकदम दाबली.

सगळं उलटं झालं. वेण्या पांढऱ्या, गणवेशाचा पांढरा सदरा काळा, दात काळे, गाल निळे. मागच्या भिंतीवर राणी रंगाची दाट छाया. मी "बाई गं" म्हणून मागे सरले.

वन्सं मात्र पुढे सरकल्या. अगदी नाक लागेल इतक्या. मग हळूच म्हणाल्या, "ही बघ. आता दिसली मला. रडून आलेली आहे गं ही पोर, डोळ्याखाली बघ." आम्हाला भुताच्या डोळ्याखाली काहीच दिसलं नाही. वन्संनी खुंटी धरली. भिंतीवर राणी जास्त आहे ना, मग कमी. हात जुन्याच वाटेने गेला, एकदाच, आणि थांबला. "आता कर सुलटं."

आमच्या मुलीने बटणं दाबली. समोर एक साधी मुलगी होती. हिरवी नाही, गुलाबी नाही. दोन वेण्या आणि रडून आलेले डोळे.

"असं कसं झालं?" मी विचारलं.

"उलट्यात राणी कमी केला की सुलट्यात हिरवा कमी होतो," मुलगी म्हणाली.

"पण तिथे राणी घालायचा होता ना?"

"तेच झालं की!"

"कमी करून?"

"वहिनी," वन्सं पडद्यावरची नजर न काढता म्हणाल्या, "तू चहा टाक."

चहा होईपर्यंत त्यांचे सहा फोटो झाले होते. संध्याकाळपर्यंत पासष्ट.

शुक्रवारी दुपारी मी डबा घेऊन स्टुडिओत गेले. दारातूनच दिसलं की काहीतरी बिनसलंय. वन्सं कॉम्प्युटरपुढे ताठ बसलेल्या, पडदा रस्त्याकडे तोंड करून, आणि पडद्यावर ओळीने काळ्या दातांची निळी मुलं. काउंटरशी एक जाडजूड गृहस्थ पासपोर्टच्या फोटोसाठी आलेले. ते स्टुडिओवाल्याला दबक्या आवाजात विचारत होते, "ही मुलं… आहेत ना अजून?"

"आहेत हो! शाळेत आहेत!"

"नाही, म्हटलं विचारावं. माझा फोटो मी दुसरीकडे काढतो." आणि ते गेले.

स्टुडिओवाला वन्संकडे वळला. "ताई, हे चौथं गिऱ्हाईक. काल एक म्हातारी पायरीवरूनच परतली. हे काय भुताटकीचं दुकान आहे? सरळ काम सरळ करता येत नाही का?"

"दोनशे नव्वद झालेत," वन्सं म्हणाल्या. "उद्या दुपारपर्यंत सगळे होतील."

"ते बरोबर आहेत हे कशावरून? उलटं बघून केलेलं काम! माझ्यासमोर एक सुलटं करून दाखवा."

वन्संनी एक मुलगा सुलटा घेतला. मी दारातच हातात डबा धरून उभी. मनातल्या मनात मी राणी, राणी असा जप सुरू केला. वन्संचा हात हिरव्याकडे गेला. त्यांनी ओठ चावला, परत आणला, राणीकडे नेला तो जरा जास्तच, पुन्हा मागे. दोन मिनिटं गेली. स्टुडिओवाल्याने घड्याळ बघितलं.

"ताई, रागावू नका. पाकिटांचं काम काही कमी नाही. सोमवारपासून…"

"थांबा," वन्सं म्हणाल्या. खुर्ची सोडली नाही. "हाच मुलगा तुम्ही करा, सुलटा, तुमच्या पद्धतीने. मी करते माझ्या. दोन्ही छापा. आणि तिसऱ्याच माणसाला विचारा कुठला बरोबर."

"तिसरा माणूस कुठून आणू? तुमच्या भुतांनी ठेवलाय कुणी?"

आणि मग त्या दोघांनीही माझ्याकडे बघितलं.

मी म्हटलं, "मी नको. मला यातलं ओ की ठो कळत नाही."

"म्हणूनच तुम्ही," तो म्हणाला. "फक्त एक करायचं, वहिनी. ताईंचा म्हणून निवडायचं नाही. देवाधर्माच्या बाई आहात, खरं सांगाल."

यंत्रातून दोन फोटो निघाले. मला पाठ फिरवायला लावून त्याने ते काउंटरवर ठेवले आणि मग वळायला सांगितलं. एकच मुलगा दोनदा. तोच भांग, तीच कॉलर, तोच पुढचा पडलेला दात. मी डावा बघितला, उजवा बघितला. डाव्यात गाल जरा टवटवीत, उजव्यात जरा साधे. टवटवीत म्हणजे बरोबर की चूक? हिरवं घालवायचं म्हणजे लाली यायला हवी की नको? माझ्या एका शब्दावर वन्संची खुर्ची, आणि माझ्या डोक्यात जोडीदार एकमेकांना खात सुटलेले. वन्संकडे बघायची सोय नव्हती. त्या मुद्दाम भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या.

चेहऱ्यावरून मला काही ठरवता येईना. नजर खाली आली आणि तोंडातून निघून गेलं, "या मुलाच्या आईने पांढरे कपडे लाल फडक्याबरोबर भिजवलेत."

"काय?"

"डाव्यात. कॉलर बघा. रंग लागलाय. उजव्यातली कॉलर स्वच्छ आहे."

"अहो वहिनी, कॉलर एकच आहे!"

"ते मला माहीत नाही. माझ्या घरात अशी कॉलर निघाली असती तर मी पुन्हा धुतली असती. पिवळी पडली असती तर नीळ घातली असती, पण ही पिवळी नाही, ही लाल फडक्याचीच."

तो फोटो डोळ्यांजवळ नेऊन बघू लागला. मग खिडकीच्या उजेडात नेला. मग कॉम्प्युटरपुढे बसला आणि बाण नेमका कॉलरवर ठेवला. बाजूला तीन आकडे आले. ते त्याने मोठ्याने वाचले, बहुतेक स्वतःलाच ऐकवायला. "लाल दोनशे अडतीस. हिरवा दोनशे बावीस. निळा दोनशे सदतीस." जीभ टाळ्याला लावून त्याने च्यक् केलं. मग दुसरा फोटो उघडला. "दोनशे तीस. दोनशे एकतीस. दोनशे तीस."

"पांढऱ्याला तिन्ही सारखे लागतात," वन्सं भिंतीकडे बघतच म्हणाल्या. "तुम्ही हिरवा घालवता घालवता राणीत शिरलात. सगळे शिरतात."

मला अजून कळलं नव्हतं उजवा कुणाचा. मी विचारलं, "मग मी चुकले का?"

स्टुडिओवाला डोकं खाजवत बसला होता. त्याचा चेहरा मला पहिल्यांदाच आपला वाटला. मी चार दिवस तोच चेहरा करून फिरत होते.

"ताई," तो शेवटी म्हणाला, "उलटं बघून केलेलं सुलटं माझ्या सुलट्यापेक्षा सुलटं कसं काय येतं?"

"सांगू?"

"नको. मग कायम असंच करणार?"

"कायम. माझं वय छप्पन आहे. हात आता बदलत नाही."

"आणि गिऱ्हाईक पळालं तर?"

"टेबल फिरवा. पडदा भिंतीकडे आणि मी रस्त्याकडे तोंड करून. मी भूत दिसत नाही ना?"

"तसं सांगता येत नाही," तो म्हणाला, पण उठला. खुर्चीची पाठ धरून त्याने ती बाजूला केली, वन्संची म्हणून, हळू. आम्ही तिघांनी मिळून टेबल ओढलं. वायर पुरेना. तो टेबलाखाली शिरून प्लग शोधू लागला, मी वायर वर धरून उभी राहिले, आणि वन्सं डबा न उघडताच खुर्चीत बसल्या. पडद्यावर दोनशे ब्याण्णववा मुलगा आला. पांढरे केस, निळे गाल. वन्सं त्याच्याकडे बघून ओळखीचं हसल्या.

"वहिनी," त्या म्हणाल्या, "जरा सरक. तुझी सावली पडतेय पोरावर."